हवाईला निघताय? आधी बुटांचे तळ बघा

बेळगाव-खानापूरकडची मंडळी मुला-नातवंडांकडे अमेरिकेला गेली की कधी कधी हवाईचं ज्वालामुखी उद्यानही बघून येतात. जांबोटी-कणकुंबीच्या रानात वापरलेलेच बूट नेणार असाल, तर निघण्याआधी ते नीट धुवा. तळाच्या खाचांत घट्ट बसलेली तांबडी माती जुन्या टूथब्रशने कोरून काढा, लेसमध्ये रुतलेली कुसळंही. हवाईतल्या ओहिया झाडांना मारणारी बुरशी मातीतूनही पसरते. म्हणून वाटेला लागण्याआधी आणि परतल्यावर बूट घासून त्यांवर 70 टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल मारायचं. कंटाळा करू नका. ओहियाच्या लाल फुलांतला मध हेच लालभडक आपापाने पक्ष्याचं मुख्य खाणं. झाडं गेली तर पक्षी कुठं बघणार?

उद्यानातल्या किलाउएया इकी या विवराची वाट साधारण 5 किलोमीटरची. सुमारे 120 मीटर उतरायचं, गोठलेल्या लाव्हावरून चालायचं आणि तेवढंच परत चढायचं. जागा सुमारे 1,200 मीटर उंचीवर असल्यानं गारठा असतो, पाऊसही, रेनकोट हवाच. दमेकऱ्यांनी गंधकाच्या धुरापासून लांब राहावं. आणि तिथला नेने नावाचा हंस कितीही जवळ आला तरी त्याला काही खायला घालू नका.