फ्लोरिडातली व्हर्च्युअल शाळा: नवीन आलेल्या आईबाबांसाठी

पुणे, नाशिक, नागपूर कुठूनही नोकरीनिमित्त टँपा, ऑर्लँडो किंवा जॅक्सनव्हिलला आलेल्या मराठी घरात शाळेच्या वयाचं मूल असलं की महिन्याभरात एक प्रश्न हमखास निघतो. "इथे सरकारी शाळा घरबसल्या करता येते, पैसेही पडत नाहीत, मग तीच का घेऊ नये?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं वर्ष मुलाला वस्तीतल्या शाळेत जाऊ द्या. व्हर्च्युअल शाळेचा फायदा जरूर घ्या, पण एकेका विषयापुरता.

आधी इथली रचना समजून घ्या. फ्लोरिडात ६७ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीचा एकच शाळा-जिल्हा असतो. टँपाला राहाल तर हिल्सबरो, ऑर्लँडोला ऑरेंज, जॅक्सनव्हिलला ड्युव्हल. तुमचा राहता पत्ता ज्या हद्दीत पडतो ती तुमची नेमून दिलेली शाळा, इथल्या भाषेत 'झोन्ड स्कूल'. घर भाड्याने घेण्याआधीच तो पत्ता जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकून शाळा पाहून घ्या. मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आहे म्हणून अडणार नाही. सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क इमिग्रेशनच्या कागदांवरून नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवलं आहे.

आता व्हर्च्युअलचं. लोक 'ऑनलाइन शाळा' म्हणून एका दमात सांगतात, पण त्यात तीन वेगवेगळ्या वाटा आहेत.

पहिली फ्लेक्स. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल ही राज्याची शाळा १९९७ साली सुरू झाली. तिच्या फ्लेक्स विभागात मूल नेहमीच्या शाळेत जात असतानाच एखादा विषय ऑनलाइन घेऊ शकतं. नोंदणी वर्षभर चालू असते, फ्लोरिडाच्या रहिवाशांना फी नाही. एप्रिलमध्ये तिकडच्या वार्षिक परीक्षा आटोपून येणाऱ्या आपल्या मुलांना याचा खरा उपयोग. इथलं वर्ष मे अखेरीस संपतं आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास नवीन सुरू होतं. मधल्या दोन-अडीच महिन्यांत हायस्कूलचं मूल एक हलका विषय पुरा करू शकतं. दुसरी वाट फुल टाइम. हीसुद्धा त्याच राज्यशाळेची, पण इथे मूल पूर्णपणे तिचंच विद्यार्थी होतं. १८० दिवसांचं वर्ष, ठराविक काळातच नोंदणी, शेवटी हायस्कूल डिप्लोमा, म्हणजे बारावी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. फ्लेक्स डिप्लोमा देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिसरी वाट काउंटीची स्वतःची व्हर्च्युअल शाळा. अनेक काउंट्या राज्यशाळेचाच अभ्यासक्रम घेऊन आपल्या जिल्ह्यातले शिक्षक नेमतात. मुलाची नोंद जिल्ह्यातच राहते, त्यामुळे पुढे नेहमीच्या, इमारतीतल्या शाळेत परतणं सोपं जातं. पूर्णवेळ ऑनलाइन घ्यायचंच झालं तर माझा कल याच वाटेकडे आहे.

होमस्कूलिंग या तिन्हीपेक्षा वेगळं. त्यात शाळा-जिल्ह्याच्या प्रमुखांना, म्हणजे सुपरिंटेंडेंटला, लेखी कळवावं लागतं, मुलाच्या कामाची फाइल ठेवावी लागते आणि दरवर्षी मूल्यमापन करून घ्यावं लागतं. घरी बसून शिकतंय म्हणजे होमस्कूल, असं समजून कुठलाही फॉर्म भरू नका.

तिकडच्या नातेवाइकांना हे सगळं १७ नंबरच्या फॉर्मसारखं वाटतं. बाहेरून बसणं, शाळेत नाव नाही, म्हणजे काहीतरी कमी. तसं नाही. इथे विषय पूर्ण केला की त्याचं 'क्रेडिट' जमा होतं, आणि व्हर्च्युअल विषयाला शाळेतल्या विषयाइतकंच क्रेडिट मिळतं. आणि २०२० साली मुलांनी झूमवर काढलेले दिवसही डोळ्यांसमोर आणू नका. तिथे समोर बाई होत्या, वेळापत्रक होतं, हजेरी होती. फ्लेक्समध्ये घंटा नाही. धडे वाचायचे, काम जमा करायचं, शिक्षकांशी फोनवर किंवा मेसेजवर बोलायचं. आठवड्याला किती काम व्हायला हवं याचा तक्ता सुरुवातीलाच मिळतो आणि तो पाळणं मुलाच्या हाती. म्हणजे, खरं सांगायचं तर, बराचसा तुमच्या हाती.

या शाळेतली एक गोष्ट आपल्या मुलांना सगळ्यात जड जाते, तिच्याबद्दल सविस्तर सांगते. प्रत्येक भाग संपला की शिक्षक मुलाशी तोंडी बोलतात. याला 'डिस्कशन बेस्ड असेसमेंट' म्हणतात, मुलं 'डीबीए' म्हणतात. ती झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बीजगणित असेल तर "हे समीकरण तू कसं सोडवलंस, ही पायरी का घेतलीस" असं विचारतात. इतिहास असेल तर एखाद्या घटनेमागची कारणं तुझ्या शब्दांत सांग म्हणतात. तिकडे आपली मुलं लिहिण्यात तरबेज झालेली असतात. गाईडमधलं उत्तर पाठ करून पेपरात उतरवायचं, हीच सवय. त्यामुळे गणितात नव्वदच्या वर मार्क मिळवणारं मूल फोनवर गप्प होतं. उत्तर येत असतं, पण 'का' हे इंग्रजीत, अनोळखी माणसाला, चेहरा न दिसता सांगायची सवय नसते. यासाठी तयारी करून घ्या. रात्री जेवताना त्याच्याकडून तो धडा ऐका, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठीत समजावता आलं की इंग्रजीत अडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कॉलच्या वेळी वही समोर असू द्या. शिक्षक ओरडायला बसलेले नसतात. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगाल का" असं विचारायचं, एवढं मुलाला आधी सांगून ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

शिक्षक पालकांनाही फोन करतात. तो फोन तक्रारीचा समजून घाबरू नका आणि टाळूही नका. या शाळेला राज्याकडून पैसे मिळतात ते विषय यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर. तुमचं मूल मागे पडू नये ही त्यांचीही गरज आहे. मुलाचं कुठे अडतंय ते त्यांना मोकळेपणाने सांगा. मात्र नेटवरून उचललेली उत्तरं जमा केली तर प्रकरण गंभीर होतं. डीबीएमध्ये ते लगेच उघडं पडतं.

मग कोणता विषय व्हर्च्युअल घ्यावा? नववी ते बारावीच्या हायस्कूलमध्ये डिप्लोमासाठी २४ क्रेडिट लागतात. इंग्रजी ४, गणित ४, विज्ञान ३, समाजशास्त्र ३ आणि बाकीचे. त्यात शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट सक्तीचं आहे, त्याला 'होप' म्हणतात. इथली पुष्कळ मुलं होप उन्हाळ्यात ऑनलाइन पूर्ण करतात, कारण मग शाळेच्या वेळापत्रकात संगीत, रोबोटिक्स किंवा एखाद्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला जागा होते. नवीन आलेल्या मुलासाठी पहिला ऑनलाइन विषय म्हणून होप उत्तम. व्यायामाची नोंद ठेवायची, आरोग्याचे धडे वाचायचे. विषय अवघड नाही, आणि शाळेची पद्धत अंगवळणी पडते. त्यानंतर स्पॅनिश. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांना एकाच परकीय भाषेची दोन वर्षं हवी असतात, त्यामुळे ती लवकर सुरू केलेली बरी.

इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास मात्र पहिल्या वर्षी वर्गात बसूनच शिकू द्या. या दोन विषयांत मूल फक्त धडा शिकत नाही. वर्गात हात कसा वर करायचा, शिक्षकांचं मत पटलं नाही तर ते कसं मांडायचं, गटात काम करताना आपलं म्हणणं कसं रेटायचं, ही सगळी शिकवणी तिथे होते आणि ती पडद्यावर मिळत नाही.

गणिताबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडची मुलं गणितात पुढे असतात, म्हणून सातवी-आठवीतच 'अल्जेब्रा वन' ऑनलाइन उरकून टाकायची घाई आईबाबांना होते. येत असेल तर घ्या, पण नियम माहीत असू द्या. अल्जेब्रा वन हा हायस्कूलचा विषय आहे. आठवीत घेतला तरी त्याचा ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे एकत्रित गुणपत्रकावर, येतो आणि कॉलेजचे लोक तो पाहतात. तिकडे आठवीचे मार्क पुढे कोणी विचारत नाही, इथे तसं नाही. शिवाय या विषयाची राज्याची अंतिम परीक्षा असते, तिचं वजन एकूण ग्रेडमध्ये ३० टक्के. ती घरून देता येत नाही, ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. जॉमेट्री, बायॉलॉजी आणि अमेरिकेचा इतिहास यांचंही असंच. शेजारच्या मुलाने सातवीत घेतला म्हणून आपल्याने घ्यावा, हे कारण पुरेसं नाही. वर्षभर आधी झालं नाही म्हणून कुठलंच दार बंद होत नाही.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. प्राथमिकच्या मुलाला पूर्णवेळ ऑनलाइन ठेवायचं म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसाने दिवसभर त्याच्यासोबत बसायचं. एच-४ वर आलेल्या बऱ्याच आयांना सुरुवातीला नोकरी करता येत नाही, आणि "नाहीतरी मी घरीच आहे" म्हणून त्या हे ओढवून घेतात. ताई, असं करू नका. त्या पहिल्या वर्षात तुम्हालाही गाव समजून घ्यायचंय, गाडी शिकायचीय, माणसं जोडायचीयत. शाळेच्या फाटकाशी, बस स्टॉपवर, वाढदिवसाच्या आमंत्रणातून तुमच्या ओळखी होणार आहेत. मूल घरात राहिलं तर दोघंही घरात राहता.

शाळेत नाव घालताना भाषेबद्दल तीन प्रश्न असतात. घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात का, मुलाची पहिली भाषा इंग्रजीखेरीज दुसरी होती का, मूल बहुतेक वेळा दुसरी भाषा बोलतं का. "हो, मराठी" असं खरं लिहा. मुलावर शिक्का बसेल या भीतीने काही जण तिन्हींना 'नाही' लिहितात. तसं करून मुलाचं नुकसान होतं. 'हो' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी माध्यमातलं मूल बहुधा सहज पार होतं, आणि नाही झालं तर त्याला ईसॉल, म्हणजे दुसरी मातृभाषा असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या, कार्यक्रमातून मदत मिळते. तिसरीत तर हे फार महत्त्वाचं. राज्याच्या वाचनाच्या परीक्षेत सगळ्यात खालची पातळी आली तर मुलाला तिसरीतच ठेवू शकतात. पण ईसॉलमध्ये दोन वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या मुलांना त्यातून सूट मिळू शकते. फॉर्मवर मराठी लिहिलंच नसेल तर ती सूट मागणार कशाच्या आधारावर? इंग्रजी अजून कच्चं असलेल्या मुलाला तर पूर्णवेळ व्हर्च्युअलमध्ये मुळीच घालू नका.

कोणासाठी पूर्णवेळ योग्य, तेही सांगते. दीर्घ आजारपण, रोज कित्येक तास सराव लागणारा खेळ किंवा नृत्य, वर्गात जीव घुसमटणारं मूल. अशा घरांना या शाळेने मोठा आधार दिलेला मी जवळून पाहिला आहे. फुल टाइमच्या मुलांना झोन्ड शाळेच्या संघात खेळायची सोयही कायद्यात आहे.

"फुल टाइम घेऊन सहा महिने पुण्याला आईकडे राहून येऊ" असा बेत मात्र आखू नका. ही शाळा फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी आहे आणि राज्याच्या चाचण्या वर्षात तीनदा होतात, प्रत्यक्ष हजर राहून. शिवाय वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. इथे संध्याकाळी सातला डीबीए ठेवली तर तिकडे पहाट असते. तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीत फ्लेक्सचा एखादा विषय चालू ठेवणं जमतं. कॉल इथल्या सकाळी नऊचा मागा, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसहा-साडेसात.

कागदपत्रं तिकडून निघतानाच बांधा. इंग्रजीतला जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं. नववी-दहावीच्या मुलाचे विषयवार मार्क शाळेच्या शिक्क्यासह, कारण त्यांवरून इथे क्रेडिट ठरतात. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या. लसीकरणाचं कार्ड विसरू नका. इथले डॉक्टर किंवा काउंटीचं आरोग्य खातं ते पाहून डीएच ६८० नावाचा फॉर्म देतात. पहिल्यांदा नाव घालताना वर्षभरातली शारीरिक तपासणीही लागते, तिचा फॉर्म डीएच ३०४०. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि विजेचं बिल हाताशी असू द्या.

फ्लेक्सच्या विषयाला तुमच्या शाळेतल्या समुपदेशकांची, म्हणजे काउन्सेलरची, मंजुरी लागते. केवळ ऑनलाइन आहे म्हणून शाळा अडवू शकत नाही, पण हा विषय या मुलासाठी आत्ता योग्य नाही असं त्या म्हणू शकतात. त्यांचं ऐका, त्या रोज शेकडो मुलं पाहतात. भेटीला जाताना मुलाला सोबत न्या, प्रश्न त्याला विचारू द्या. चार वर्षांचा आराखडा त्यांच्याकडून कागदावर मागून घ्या आणि कोणता विषय शाळेत, कोणता ऑनलाइन, हे त्यावर लिहून घ्या. उन्हाळ्यात ऑनलाइन विषय घ्यायचा असेल तर मे संपण्याआधी मंजुरीचं विचारा. जूनमध्ये बरेच काउन्सेलर सुट्टीवर असतात.