पहाटेचा अलार्म नंतर लावा, आधी रात्र सुधरवा

सोमवारपासून पाचला उठून उपवनला चालायला जायचं, हा संकल्प ठाण्यात घरोघरी होतो आणि गुरुवारपर्यंत बारगळतो. कारण साधं आहे, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी यायलाच नऊ, जेवण दहाला, मग रील्स बघत बघत साडेबारा आणि वर पाचचा अलार्म, शरीर ऐकणार कसं? मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच, तिच्यात काटछाट करून केलेला व्यायाम टिकत नाही. म्हणून सुरुवात रात्रीच्या बाजूने करा.

आधी संध्याकाळचा चहा. अंगातलं निम्मं कॅफिन जायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे सहाची कटिंग अकरा वाजता पण थोडीफार आत आहेच. शेवटचा चहा चारला उरकून टाका. सहाला लागते ती भूक खरी असते, ती चहाने मारू नका, डब्याच्या पिशवीत एक छोटी डबी वेगळी ठेवा, भाजलेले चणे, शेंगदाणे, वर गुळाचा खडा. ऐरोली-वाशीहून ट्रान्स-हार्बरने येत असाल तर सीट मिळो न मिळो, तेवढं खाऊन होतं. मग स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीपाशी पाय अडत नाहीत (शुक्रवारी अडले तर अडू देत) आणि रात्री दहाला ताटभर भातही लागत नाही.

जेवल्यावर लगेच सोफा नको. आज्या शतपावली उगाच घालायला लावत नव्हत्या, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी चढते. तलावपाळी जवळ असेल तर मजाच, नाहीतर सोसायटीचा पोडियम, पावसात पार्किंग. फोन घरी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर घ्या, समोरासमोर बसून जे निघत नाही ते चालता चालता निघतं.

पण रमतगमत शतपावली म्हणजे व्यायाम झाला असं धरू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची 150 मिनिटं जरा धाप लागेल अशा हालचालीची आहेत, तुकड्यातुकड्यात केली तरी चालतात. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा सोडून झपाझप चाललात की बरीचशी तिथेच निघतात. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, असं काहीतरी ताकदीचं करा.

झोपताना फोन किचनच्या ओट्यावर चार्जिंगला लावा, अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. बेडरूममध्ये फोन ठेवून "बघणार नाही" म्हणणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

एवढं करून दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर "टेन्शन आहे जरा" म्हणून ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. स्वतः फोन लावायचं जमत नसेल तर घरातल्या कुणी लावला तरी चालतो.