रानाकाठच्या कुळागरात हरणांचा उपद्रव आटोक्यात कसा ठेवावा

गोव्यातील सत्तरी किंवा सांगे तालुक्यात रानाला लागून ज्यांची कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, त्यांनी हरणे फार वाढली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी नुकसान नेमके कोणी केले, याची खातरजमा करावी. सांबर, भेकर आणि चितळ यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे त्यांनी खाल्लेला कोंब ओढून तोडल्यासारखा, कडेला तंतू लोंबत असलेला दिसतो, तर सशाने खाल्लेला कोंब सुरीने तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ असतो. बांधाकडची माती उकरलेली असेल, तर ते काम रानडुकराचे. माडाच्या रोपाचा बुंधा कुरतडलेला असेल, तर बहुधा साळिंदराचे. ओल्या मातीत भेकराचा खूर जेमतेम दोन बोटांच्या रुंदीचा उमटतो. एवढे पाहिले, तरी हरणांवरचे बरेच आरोप गळून पडतात.

हरणांच्या संख्येवर खरा अंकुश शिकारी प्राण्यांचा असतो. बिबट्या मुख्यतः रात्री एकटा शिकार करतो, कोळसुंदे (रानकुत्रे) दिवसा कळपाने सांबर-चितळांचा पाठलाग करतात आणि वाघाला साधारण आठवड्याला एक मोठे जनावर लागते. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे संपवण्यात आले. त्यानंतर एल्क जातीची हरणे इतकी वाढली, की कर्मचाऱ्यांना अनेक दशके ती मारावी किंवा दुसरीकडे हलवावी लागली, आणि अखेर १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडावे लागले. जे काम रान फुकट करते, ते माणसाला किती जड जाते, हे यावरून कळावे.

म्हणून गोठ्यातील जनावर वाघाने किंवा बिबट्याने मारले, तर रागाच्या भरात मढ्यावर विष घालू नये. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. म्हादई अभयारण्याच्या रानाची ती हानी सहज भरून येणारी नाही. मृत जनावर जागेवरून न हलवता त्याची छायाचित्रे काढावीत, त्याच दिवशी वनखात्याला कळवावे आणि पंचनामा झाल्यावर भरपाईचा अर्ज करावा.

माणसाने स्वतः हरणे मारणे हा उपाय नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. बागायतदाराच्या हाती आहे ते कुंपण. सांबर सहज उंच उडी मारत असल्याने ते सात-आठ फुटांचे असावे. जाळी लावल्यास ती ताणून बांधावी, कारण सैल जाळीत शिंगे अडकतात. घरातील विजेचा प्रवाह तारेत सोडणे जनावरांइतकेच माणसांनाही प्राणघातक आहे आणि ते बेकायदाही आहे. सौर कुंपण मात्र मान्यताप्राप्त यंत्रासहच बसवावे.

डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्याही सापडतो, तेव्हा बागेच्या कडेला फास दिसल्यास वनखात्याला त्वरित कळवावे. राखणीची कुत्री रात्री मोकळी रानात जाऊ देऊ नयेत: ती भेकरांमागे धावतात आणि कोळसुंद्यांना रोगही देतात. त्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचावी. पावसाळ्यापूर्वी ठरावीक एका पायवाटेवरील लेंड्या आणि खुरांची नोंद वहीत ठेवावी; पुढे उपद्रव खरोखर वाढला, तर वनखात्यापुढे मांडण्यासाठी तीच नोंद उपयोगी पडते.