काठी डाव्या हातात

फोंड्याच्या आमच्या जुन्या घराला सात पायऱ्या, चिऱ्याच्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. तिथंच घसरले. उजवी मांडी मोडली. हाड जुळलं, दुखणं मात्र राहिलं.

काठीचं आधी सांगते, कारण मी दोन महिने चुकीची धरली. पाय उजवा दुखतो ना, मग काठी डाव्या हातात. चप्पल घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यायला हवी. पायरी चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि काठी. उतरताना आधी काठी, मग दुखरा, शेवटी चांगला. खालचं रबर झिजलं की लगेच बदला. ओल्या चिऱ्यावर ते साबणासारखं सरकतं.

काम दुखेपर्यंत ताणू नका. मला पंधरा मिनिटांनी कळ येते, म्हणून दहाव्याला बसते, भाजी अर्धी चिरलेली असली तरी. बरं वाटलं म्हणून सगळं घर झाडलं, की दोन दिवस खाट. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, तर मात्र लेपबिप नको, त्याच दिवशी डॉक्टर.

मनाचं कठीण. पडल्यानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढता येईना, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुणी 'तू आराम कर' म्हटलं की आणखीच राग यायचा. आता सोप्यावर बसून नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं ही रानफळं दोरीला बांधून देते, भाचा टांगतो. कुठलं कुठं ते मीच ठरवते. त्याला ते अजिबात आवडत नाही.