पेपरात जाहिरात द्यायचीये? एजन्सीवाला नेमकं काय करतो आणि तुम्ही काय बघायचं

मी जाहिरात एजन्सी चालवतो, आणि पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की थेट पेपरच्या ऑफिसात गेलो तर स्वस्त पडेल का, मध्ये तुम्ही कशाला? सरळ उत्तर देतो. एजन्सीला पेपरकडून कमिशन मिळतं, आयएनएस म्हणजे इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या एजन्सीला साधारण 15 टक्के. ते पेपर देतो, तुमच्या बिलावर वरून चढत नाही. त्यामुळे थेट गेलात तरी बहुतेक वेळा तोच रेट लागतो, आणि धावपळ तुमची होते ती वेगळी. मोठं बुकिंग असेल तर एजन्सी आपल्या कमिशनमधलं थोडं परत पण देते, त्याला लाईनमध्ये पासबॅक म्हणतात. मागायला लाजू नका. पण 8 सेंटीमीटरच्या जाहिरातीवर पासबॅक मागितलात तर आम्ही फक्त चहा पाजू.

आता काम कसं चालतं ते कराडच्या एका साडीच्या दुकानाचं उदाहरण घेऊन सांगतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं नको व्हायला.

दुकानदार येतो आणि म्हणतो पाडव्याला सेल आहे, मोठ्या पेपरात फ्रंट पेजला टाका. इथे चांगल्या एजन्सीवाल्याने पेन खाली ठेवून आधी विचारायला पाहिजे, की तुमचं गिऱ्हाईक येतं कुठून? कारण मराठी पेपर एक नसतो, एकाच नावाच्या कितीतरी आवृत्त्या असतात, पुणे वेगळी, सातारा वेगळी, सांगली वेगळी, शिवाय आतमध्ये जिल्ह्याची पुरवणी, लोकमतची हॅलो, सकाळची टुडे. सगळ्या आवृत्त्यांना मिळून टाकलं तर मुंबईचा माणूस पण तुमची जाहिरात वाचणार आणि त्याचे पण पैसे तुम्हीच भरणार. मग कराड सातारा जिल्ह्यात म्हणून सातारा आवृत्ती घ्यायची का? तर इथेच खरी गंमत आहे. कराडच्या बाजारात पाटण, उंब्रजचं गिऱ्हाईक येतं हे खरं, पण कासेगाव, नेर्ले, शिराळा, कडेगाव या बाजूचं पण येतं, आणि ते सगळं सांगली जिल्ह्यात. पेपरची हद्द जिल्ह्याने पडते, बाजाराची पडत नाही. म्हणून मी दुकानदाराला सांगतो की लग्नाच्या बस्त्याची बिलं काढा आणि पत्त्यांवर खुणा करा, किंवा सोपं म्हणजे स्टँडवर उभं राहून बघा कुठल्या गावच्या एसटीतून पिशव्या घेऊन बायका उतरतात. मग ठरतं की सातारा पुरवणी एकदा मोठी आणि सांगलीची एक छोटी. माझ्या मते पेपर जाहिरातीतले सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा इथेच जातात, रेटवर घासाघीस करून नाही.

पेपर कुठला घ्यायचा यावर प्रत्येकजण आपलाच नंबर एक म्हणतो. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स म्हणजे एबीसी खपाचे आकडे तपासून देते, ही संस्था 1948 पासूनची आहे. एजन्सीकडे आकडा मागा आणि तो खपाचा आहे का वाचकांचा ते विचारा. एक अंक घरातले चार जण वाचतात म्हणून वाचकसंख्या नेहमी फुगलेली दिसते, दोन्ही आकडे खरे असले तरी एकाचा खप आणि दुसऱ्याचे वाचक अशी तुलना करून चालत नाही. आणि आकडे बाजूला ठेवून आपल्या गल्लीतल्या पेपर टाकणाऱ्या पोराला पण एकदा विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

मग साईज. जाहिरातीचं मोजमाप चौरस सेंटीमीटरमध्ये, रुंदी गुणिले उंची. पण रुंदी मनाला येईल ती नाही घेता येत. ब्रॉडशीट पेपरच्या पानाला साधारण 8 कॉलम, एक कॉलम जवळजवळ 4 सेंटीमीटर, म्हणजे रुंदी 4, 8, 12, 16 अशीच वाढत जाते आणि पूर्ण पान साधारण 33 बाय 52 चं. तुमच्या पुतण्याने मोबाईलवर 10 सेंटीमीटर रुंद डिझाईन केलं तर पैसे 12 चेच लागणार. 12 बाय 15 घेतली तर झाले 180 चौरस सेंटीमीटर. समजा रेट चौरस सेंटीमीटरला 120 रुपये धरला (हिशोबासाठी धरलाय, हा कुठल्या पेपरचा रेट नाही) तर 21,600, त्यावर पेपरच्या जागेचा जीएसटी 5 टक्के म्हणजे 1,080, एकूण 22,680. यात एजन्सीचे 21,600 वर 15 टक्क्यांनी 3,240 आले, ते पेपरकडून. रंगीत, पहिलं पान, तिसरं पान, पेपरच्या नावाशेजारचे कोपरे म्हणजे इअर पॅनल, आणि पानावर तुमची एकट्याचीच जाहिरात म्हणजे सोलस, या सगळ्याला वरचा चार्ज असतो. पहिलं कोटेशन आलं की विचारायचं, यात रंग धरलाय का, जागा फिक्स आहे का, जीएसटी धरलाय का. जागा फिक्सचे पैसे दिले नसतील तर जाहिरात सातव्या पानावर निधनवार्तेच्या शेजारी आली म्हणून भांडता येत नाही.

नुसतं दुकान भाड्याने देणे, माणूस पाहिजे, नावात बदल, हरवले आहे असलं असेल तर डिस्प्ले म्हणजे वर सांगितलेल्या डिझाईनवाल्या जाहिरातीच्या भानगडीत पडू नका, छोट्या जाहिराती म्हणजे क्लासिफाइड पुरतात, तिथे शब्दावर किंवा ओळीवर पैसे.

डिझाईनवर दोन शब्द जास्तच बोलणार कारण राडा इथेच होतो. न्यूजप्रिंट म्हणजे पेपरचा कागद शाई पितो. स्क्रीनवर झक्क दिसणारा मरून शालू पेपरात काळपट गोणपाट होऊन येतो, म्हणून फोटो मुद्दाम थोडा उजळ करून द्यायचा. चार शाया एकावर एक बसतात, त्या केसभर जरी सरकल्या तरी रंगीत पट्टीवरची बारीक पांढरी अक्षरं बुजतात, त्यामुळे पत्ता आणि फोन नंबर पांढऱ्यावर काळ्यातच ठेवा. फाईल सीएमवायके म्हणजे याच चार शायांच्या रंगातली पीडीएफ पाहिजे, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालणार नाही, तो पाठवताना बारीक होऊन येतो. आणि मराठीचा वेगळा ताप म्हणजे श्रीलिपी, मराठी टाइप करायचं फाँटचं सॉफ्टवेअर. डिझायनरच्या मशीनवर एक फाँट, पेपरच्या मशीनवर दुसरा, मग रफार उडतो, वेलांटी भलतीकडे जाते, म्हणून अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारात बदलूनच फाईल द्यायची.

प्रूफ आलं की मालकाने स्वतः वाचायचं, कामगाराला "बघ रे" म्हणून टाकायचं नाही. आणि फोन नंबर वाचायचा नाही, लावायचा. प्रूफवरचा नंबर बघून आपल्या मोबाईलवरून डायल करा, आपलंच दुकान लागतंय का बघा. हे मी अनुभवाने सांगतोय, माझ्याकडून एका जाहिरातीत एक आकडा चुकला होता आणि दोन दिवस कुठल्यातरी गावच्या एका शेतकऱ्याला सोफासेटचे फोन जात होते, बिचारा शेवटी रेट सांगायला लागला.

काही धंद्यांना छापताना कायदा आडवा येतो, आणि एजन्सी नको म्हणाली तर ती तुमचं भलंच करतेय. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर पाहिजे आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड पण. मधुमेह मुळापासून बरा, असलं काही लिहायचं नाही, 1954 चा औषधे आणि जादूचे उपाय वाला कायदा अजून जिवंत आहे. वकिलांना स्वतःच्या प्रॅक्टिसची जाहिरातच करता येत नाही, पेपरात दिसते ती अशिलाच्या वतीने दिलेली जाहीर नोटीस असते. डॉक्टर लोकांना दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला एवढं कळवता येतं.

सगळं ठरलं की एजन्सी पेपरला आरओ पाठवते, म्हणजे रिलीज ऑर्डर. त्यात पेपर, आवृत्ती, तारीख, साईज, रंग, पान, रेट सगळं लिहिलेलं असतं. तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही, पेपर आरओ मानतो. तुमच्या आरओची कॉपी मागा आणि आवृत्तीचं नाव डोळ्यात तेल घालून बघा, सातारा पुरवणी लिहायच्या जागी मुख्य अंक लिहिलं गेलं तर बिल कुठल्या कुठे जातं. मटेरियल म्हणजे जाहिरातीची तयार फाईल निदान दोन दिवस आधी द्या, सणाच्या आठवड्यात अजून आधी, कारण तेव्हा सगळा महाराष्ट्र एकदम जागा होतो. 15 ऑगस्ट, दिवाळी अशा ठराविक सुट्ट्यांना पेपरची ऑफिसं बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी अंकच येत नाही, ती तारीख धरून सेल लावलात तर बसाल हात चोळत.

एजन्सी पहिल्यांदा ॲडव्हान्स मागते तेव्हा राग मानू नका. पेपरचं बिल एजन्सीच्या नावावर फाटतं, तुम्ही पैसे बुडवलेत तरी ते ठरल्या मुदतीत आम्हालाच भरावे लागतात, आणि ही उधारीची सोय गेली की एजन्सीचा धंदाच बसतो.

वर्धापनदिन पुरवणी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यासाठी ओळखीचा वार्ताहर येऊन बसतो. ती जाहिरात संबंध राखायला द्या, खुशाल द्या, पण सेलच्या बजेटमधून देऊ नका, त्याने साडी विकली जात नाही.

छापून आली त्या सकाळी ई-पेपर उघडून बघायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, बिलाबरोबर अंकाची कॉपी मागायची आणि पट्टी घेऊन साईज मोजायची. चूक पेपरची असेल, म्हणजे रंग गेला, तारीख चुकली, कापून छापलं, तर लगेच त्याच दिवशी एजन्सीला लेखी कळवा. पैसे शक्यतो परत मिळत नाहीत, पुन्हा फुकट छापून देतात. सेल संपायच्या आत छापून घ्या, संपल्यावर आली तर लोक जुन्या रेटने साड्या मागत दारात उभे राहतात.