लष्कराने सोडलेली जागा मोकळी ठेवायचीय? मग या चुका टाळा

देवळाली कॅम्प, लॅम रोड, नाशिकरोड या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला लष्कराची जागा ओळखायला पाटी लागत नाही. तारेचं कुंपण, चुना मारलेले दगड, आत जुने वड आणि पलीकडे गुडघाभर गवत. अशी एखादी जागा लष्कराला नको झाल्याची कुणकुण लागते, मोजणीवाले येऊन गेल्याची बातमी पसरते आणि मग आपण जागे होतो. उशिरा का होईना, जागे होतो हे चांगलंच आहे. पण गेली बारा वर्षं मी दर वेळी त्याच चुका होताना बघतोय. म्हणून हे लिहायला बसलो.

जागा कुणाची ते न बघता मोर्चा काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती मी स्वतः केलेली आहे. "सरकारी जागा आहे, म्हणजे आपलीच" एवढ्या भांडवलावर आम्ही एका जुन्या कवायतीच्या मैदानासाठी रस्त्यावर उतरलो. चारशे माणसं होती. बायका लेकरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तोवर चारशेतले साठ उरले होते.

मग आमच्यातल्या एका निवृत्त तलाठी काकांनी जुने हस्तलिखित सातबारा उतारे आणि फेरफार (मालकी-ताब्यातल्या बदलांच्या नोंदी) काढून माझ्या ओट्यावर पसरले. कागद इतके जीर्ण, की घडीवर हात ठेवायची भीती वाटत होती. काकांनी 'इतर अधिकार' या रकान्यावर बोट ठेवलं. तीन सर्व्हे नंबरांपैकी दोन संपादित होते आणि तिसरा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नुसता अधिग्रहित. हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. संपादनात मालकीच जाते. अधिग्रहणात ताबा जातो, मालकी शेतकऱ्याचीच राहते. अशी जमीन पुढे रीतसर संपादित झाली, की मालकाला परत करायची राहून गेली, हे फेरफारातच कळतं. म्हणजे आम्ही ज्या मैदानावर 'जनतेचा हक्क' लिहिलेले फलक नाचवत होतो, त्यातला एक तुकडा चार पावलांवरच्या मळ्यातल्या कुटुंबाचा असू शकत होता.

आता माझी सवय ठरलेली आहे. आधी सातबारा आणि सगळे जुने फेरफार, सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिका. मग लष्कराचं रजिस्टर. कॅन्टोन्मेंटच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत जनरल लँड रजिस्टर असतं, हद्दीबाहेर मिलिटरी लँड रजिस्टर. त्याची नक्कल माहितीच्या अधिकारात मागायची, आणि ती लष्कराच्या जमिनी सांभाळणाऱ्या केंद्राच्या रक्षा संपदा विभागाकडे. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्जात एकच गोष्ट विचारा: अमुक सर्व्हे नंबरचा वर्ग, क्षेत्र आणि ताबा. वीस प्रश्नांचा अर्ज करून राग काढण्यात काही हशील नाही. आणि कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत महापालिकेचा विकास आराखडा चालत नाही, हेही आधीच समजून घ्या. दार चुकलं की पुन्हा पाच महिने जातात.

नवीन पोरांना हे सांगितलं की ती कंटाळतात. "काका, कागद नंतर बघू, आधी वातावरण तापवू." तापवा ना! पण तापलेलं वातावरण महिनाभर टिकतं आणि जागेचा निकाल लागायला दहा-दहा वर्षं जातात.

ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना विसरणं

त्या उताऱ्यावरच्या आडनावाचा माग काढत मी मळ्यात गेलो. आजी पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी मैदानाचं, झाडांचं, मोकळ्या हवेचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, तुम्हाला फिरायला जागा पाहिजे. आमची तर बाजरीच गेली तिथं." मला उत्तर सुचलं नाही. आजही त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

त्यानंतर आम्ही मागणीपत्र बदललं. पहिलं कलम वारसांच्या मोबदल्याचं किंवा जमीन परत करण्याचं, मैदान दुसऱ्या कलमात. काही जण चिडले, दोघं तर सोडूनच गेले. पण त्या घरातली तीन माणसं पुढच्या बैठकीला आमच्या शेजारी बसली. हा क्रम मी आता बदलत नाही.

व्हॉट्सॲपला लोकांचा पाठिंबा समजणं

हजार अंगठे आले म्हणजे हजार माणसं आली असं होत नाही. विकास आराखड्यात जागेचा वापर बदलायचा असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली अवघे सात दिवस. त्या मुदतीत नाव, पत्ता, सर्व्हे नंबर आणि सही असलेली लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोचेवर शिक्का आणि तारीख दिसल्याशिवाय मी खिडकीसमोरून हलत नाही. सुनावणीला किती माणसं येणार, त्यांची नावं आदल्या रात्रीच लिहून घेतो.

जागा वापरात आहे हे न दाखवणं

बर्लिनचा टेंपेलहोफ विमानतळ एकेकाळी अमेरिकी हवाई दलाकडे होता. तो २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी उघडला. चार वर्षं लोकांनी धावपट्टीवर सायकली चालवल्या, पतंग उडवले, वाफे केले. मग २०१४ मध्ये तिथे इमारती बांधायच्या की नाही यावर सार्वमत झालं आणि बर्लिनकरांनी मैदान मोकळंच ठेवलं. ते स्वतःच्या पायाखालच्या जागेला मत देत होते.

आमच्या मैदानावर पहाटे पाचला भरतीची पोरं सोळाशे मीटर पळतात. कुणाच्या पायात फाटके बूट, कुणी अनवाणी. निवृत्त सुभेदार काका घड्याळ लावून उभे असतात. मी शंभर पानी वही केली आहे: तारीख, वेळ, किती माणसं, कशासाठी. महिनाभर रोज लिहिली. निवेदनासोबत तिच्या झेरॉक्स जोडतो. लोकभावनेवरच्या लांबलचक परिच्छेदापेक्षा अधिकारी तीच पानं चाळतात.

यातच आणखी एक चूक येते: लष्कराविरुद्ध घोषणा देणं. तसं करू नका. आपल्याकडे दर दुसऱ्या गल्लीत माजी सैनिकाचं घर आहे, आणि ते मैदान त्यांनीच जपलेलं आहे. त्यांना पुढे बसवा.

बाकीच्या, थोडक्यात

जागा अजून लष्कराच्या ताब्यात असेल तर कुंपण ओलांडू नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका.

जुनी फायरिंग रेंज असेल तर मुलांची सहल नेऊ नका. न फुटलेले गोळे गवतात वर्षानुवर्षं पडून राहतात.

एकाच पुढाऱ्याच्या खांद्यावर लढा टाकू नका.

लष्कर जाण्याची वाट बघत बसू नका. सॅन फ्रान्सिस्कोचा प्रेसिडिओ हा लष्करी तळ सैन्याने १९९४ मध्ये सोडला, पण तो राष्ट्रीय उद्यानाकडे जाईल असा कायदा १९७२ मध्येच झालेला होता. बावीस वर्षं आधी!

आणि विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण पडलं म्हणून पेढे वाटून घरी जाऊ नका. त्याच नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दहा वर्षांनंतरची ती तारीख लाल शाईने लिहा आणि वही तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या कुणाच्या तरी हातात द्या.