ग्लायकोलिसिसची जनुकं गुणसूत्रांवर शोधताना

ग्लायकोलिसिस म्हणजे पेशीत ग्लुकोज पायरीपायरीने फोडण्याची क्रिया; तिच्या एन्झाइमांची जनुकं कुठल्या गुणसूत्रावर आहेत ते शोधायचं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय मिळाला की बरेच जण खूश होतात. लॅबमध्ये ताटकळायला नको, सगळं डेटाबेसमध्ये आहे. आहेच. मीही हेच काम केलं, आणि हल्ली ज्युनिअर्सचे तक्ते माझ्याकडे तपासायला येतात, म्हणून थोडं लिहिते.

पुस्तकात पायऱ्या एकाखाली एक छापलेल्या असतात, त्यात ई. कोलाय जिवाणूचा लॅक ओपेरॉन (एकाच कामाची जनुकं एका रांगेत) डोक्यात पक्का बसलेला. त्यामुळे जनुकंही शेजारी-शेजारी असतील असं वाटतं. माणसात ती विखुरलेली आहेत. जीपीआय १९व्या गुणसूत्रावर, पीकेएम १५व्या, पीजीके१ एक्सवर. जीएपीडीएच आणि टीपीआय१ मात्र दोन्ही १२पी१३.३१ मध्ये, म्हणजे १२व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरच्या एकाच बँडमध्ये. शिवाय एका ईसी क्रमांकाला (एन्झाइमच्या प्रकाराला दिलेला क्रमांक) एकच जनुक असंही नाही. हेक्सोकायनेजचंच बघा: एचके१ १०व्यावर, एचके२ दुसऱ्यावर, एचके३ ५व्यावर, ग्लुकोकायनेज ७व्यावर. तक्ता एन्झाइमवार न करता जनुकवार करा.

खरी परीक्षा पुढे आहे. यूसीएससीच्या ब्लॅटमध्ये (दिलेला क्रम जीनोमवर कुठे जुळतो ते दाखवणारं ऑनलाइन साधन) जीएपीडीएचचा एमआरएनए, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीचा क्रम, टाका. एका जनुकासाठी ढीगभर गुणसूत्रांवरून उत्तरं येतात! घाबरू नका, रेघा बघा. १२व्यावरच्या उत्तरात क्रम तुकड्यांत विभागलेला दिसतो, मधे इन्ट्रॉन (एमआरएनए बनताना गाळले जाणारे भाग), एकूण पसारा जवळपास ४ हजार बेसचा. बाकीची बहुतेक सलग, एमआरएनएएवढीच किंवा त्याहून तोकडी. ही छद्मजनुकं, म्हणजे जनुकाच्या बहुधा निकामी नकला: एमआरएनएची डीएनएत उलटी नक्कल होऊन ती भलत्याच जागी घुसलेली. पण 'इन्ट्रॉन नाही म्हणजे निकामी' असा नियम करून बसू नका. ६व्यावरचं पीजीके२ असंच इन्ट्रॉनविना आहे, तरी शुक्रपेशी घडताना व्यवस्थित चालतं.

जुन्या लोकांना हा त्रास नव्हता. १९६७ मध्ये वाइस आणि ग्रीन या संशोधकांनी माणूस-उंदीर संकरित पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. या पेशी माणसाची गुणसूत्रं हळूहळू गमावतात. मग प्रत्येक क्लोनमध्ये मानवी एन्झाइमचा पट्टा जेलवर (विद्युतप्रवाहाने प्रथिनं वेगळी करणाऱ्या थरावर) दिसतो का आणि कोणतं गुणसूत्र शिल्लक आहे, याचा मेळ घालायचा. ज्याच्याबरोबर पट्टा येतो-जातो, त्या गुणसूत्रावर जनुक. इथे पुरावा चालत्या एन्झाइमचा असल्याने मुकी नक्कल मधे येतच नाही. व्हायव्हात हा फरक हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवा.

शेवटचं, कंटाळवाणं पण महत्त्वाचं. जागेचा आकडा कुठल्या जीनोम आवृत्तीतला ते लिहा. उदाहरणादाखल जी६पीडी घ्या (हे ग्लायकोलिसिसचं नव्हे, शेजारच्या मार्गाचं जनुक): त्याचा पत्ता जीआरसीएच३७ या आवृत्तीत एक्सवर १५.३७ कोटीव्या बेसच्या आसपास आहे, जीआरसीएच३८ मध्ये १५.४५ कोटीव्या. बँड दोन्हीकडे एक्सक्यू२८च, म्हणून दोन आवृत्त्यांची सरमिसळ झालेली पटकन दिसत नाही. आवृत्तीचं नाव तक्त्याच्या मथळ्यातच टाका.